गाडीवरचे चटके आणि हातातला गारठा
आमच्या गॅरेजच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

गाडी सर्व्हिसिंगला लावताना माणूस गाडीची सगळी दुखणी सांगतो. अ‍ॅव्हरेज पडलाय, क्लच घसरतोय, चेन वाजतेय. स्वतःचं दुखणं मात्र सांगत नाही. पोटरीला सायलेन्सरचा चटका बसलेला असतो, घाटातून येताना बोटं बधिर पडलेली असतात, हेल्मेटच्या काचेवर वाफ धरून समोरचं दिसत नसतं. विचारलं की उत्तर ठरलेलं, ‘चालायचंच, गाडीवर एवढं होतंच.’

आमचं म्हणणं असं, की एवढं होऊ द्यायची गरज नाही. आणि यातल्या काही गोष्टी नुसत्या त्रासाच्या नाहीत, धोक्याच्या आहेत. कराडहून पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट उतरून चिपळूण असा रोजचा किंवा आठवड्याचा प्रवास करणारे आमचे बरेच ग्राहक आहेत. दूध घालणारे, शाळेवर जाणारे शिक्षक, औषध कंपन्यांचे प्रतिनिधी. कराडात रेनकोट डिकीत असतो आणि पाटण ओलांडलं की अंगात. हे पत्रक मुख्यतः त्यांच्यासाठी.

आधी हातांचं.

हवेचं तापमान १० अंश असेल आणि तुम्ही ताशी ६० किलोमीटरनं चालला असाल, तर उघड्या कातडीला ती हवा ५ अंशांसारखी लागते. हे कोरड्या हाताचं झालं. हात ओला असेल तर वाऱ्यानं पाणी वाळताना अंगातली उष्णता ओढून नेतं. १ ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला जवळजवळ ५८० कॅलरी उष्णता लागते. माठातलं पाणी गार होतं ते याच कारणानं. फरक एवढाच, की इथे माठ म्हणजे तुमची बोटं. त्यामुळे जुलैच्या घाटात, थंडी म्हणावी अशी नसतानाही, हात काकडतात.

गारठलेल्या हाताला ब्रेकचा लिव्हर नीट कळत नाही. बोटं उशिरा वळतात आणि किती दाबलं याचा अंदाज राहत नाही. ताशी ६० च्या वेगानं गाडी सेकंदाला सुमारे १७ मीटर जाते. ब्रेक दाबायला अर्धा सेकंद उशीर झाला तर ८ मीटर, म्हणजे दोन जीपगाड्या एकामागे एक उभ्या कराव्यात एवढं अंतर, तुम्ही तसेच पुढे गेलेले असता. म्हणून बधिर बोटं हा आम्ही ब्रेकचाच बिघाड मानतो. लायनर नवे असून उपयोग काय, ते दाबणारा हातच जागेवर नसेल तर?

उपाय महागडे नाहीत. पावसात लेदरचे हातमोजे घालू नका. ते पाणी पितात, जड होतात आणि दोन दिवस वाळत नाहीत. आतून पाणी अडवणारा थर असलेले कापडी हातमोजे चांगले. तेवढा खर्च नको असेल तर पातळ सुती मोजा आत आणि त्यावर एक माप मोठा रबरी हातमोजा घाला. आमचे दूधवाले वर्षानुवर्षं हेच करतात आणि त्यांच्याइतका पहाटेचा रस्ता कोणी पाहिलेला नाही. मोज्याचं मनगट रेनकोटच्या बाहीच्या आत जाऊ द्या, म्हणजे बाहीवरून ओघळणारं पाणी मोज्यात शिरत नाही. घट्ट मोजा मात्र घेऊ नका. घट्ट मोज्यात रक्त खेळत नाही आणि हात उलट लवकर गारठतात.

छाती आणि मान उबदार ठेवा, हेही हातांसाठीच सांगतो आहोत. धड गार पडलं की शरीर हातापायांकडचं रक्त कमी करतं. मग मोजे कितीही चांगले असले तरी बोटं गारच राहतात. जर्किनच्या आत छातीवर वर्तमानपत्र घालायची जुनी पद्धत खरोखर काम करते.

हँडलला लावायचे प्लास्टिकचे हँडगार्ड वारा आणि पाण्याचा मारा बराच अडवतात, जवळजवळ सगळ्या गाड्यांना बसतात. स्पंजाच्या ग्रिप आम्ही ठेवतच नाही, कारण पावसात त्या पाणी धरून बसतात आणि तुम्ही दिवसभर ओला बोळा मुठीत धरून गाडी चालवता. विजेवर तापणाऱ्या ग्रिप हल्ली काहीजण मागतात. त्या साधारण ३० ते ५० वॉट घेतात, म्हणजे हेडलाइटच्या बल्बएवढा किंवा त्याहून जास्त भार. लहान गाडीची वायरिंग आणि चार्जिंग तपासल्याशिवाय आम्ही त्या बसवत नाही. बाहेरून बसवून आणल्या असतील तर एकदा दाखवून घ्या.

हाताला मुंग्या येत असतील, पण हात गार नसतील, तर कारण गाडीत शोधावं लागतं. इंजिनचे फाउंडेशन बोल्ट ढिले असतात, किंवा ग्रिप बदलताना हँडलच्या टोकाची वजनं कोणीतरी काढून टाकलेली असतात. ती वजनं शोभेची नाहीत, हँडलची थरथर कमी करायला दिलेली आहेत. क्लच केबलमध्ये पावसाचं पाणी शिरलं की क्लच जड होतो आणि डावा पंजा दुखायला लागतो. केबलला तेल सोडणं किंवा ती बदलणं हे अर्ध्या तासाचं काम आहे. गाडीवरून उतरल्यावर, रात्री झोपेतही मुंग्या येत असतील तर आमच्याकडे नको, डॉक्टरांकडे जा.

आता चटक्याचं. घाट चढून वर आलं की टपरीवर गाडी थांबते, चहा सांगितला जातो आणि गारठलेले हात इंजिनाला किंवा सायलेन्सरला लावले जातात. कृपा करून हे करू नका. बधिर हाताला चटका कळत नाही. कळतो तेव्हा कातडी गेलेली असते. हात काखेत धरा, चहाचा ग्लास धरा.

आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांचा सायलेन्सर उजवीकडे असतो. माझ्या मुलीच्या उजव्या पोटरीवर पाच रुपयांच्या नाण्याएवढा काळसर डाग आहे. ती सात वर्षांची असताना मीच तिला घाईत उजवीकडून उतरवलं. शेजारच्यांनी प्रेमानं टूथपेस्ट आणून लावली, मी लावू दिली. दवाखान्यात ती पेस्ट खरवडून काढताना ती ज्या आवाजात रडली, तो आवाज मला अजून ऐकू येतो. म्हणून गॅरेजात मी प्रत्येक आईबापाला सांगतो, पोरांना चढवायचं डावीकडून, उतरवायचं डावीकडूनच.

चटका बसलाच तर लगेच वाहत्या गार पाण्याखाली २० मिनिटं धरा. घड्याळ लावून २० मिनिटं, दोन मिनिटांत आग शमल्यासारखी वाटली तरी. बर्फ नको, हळद नको, तूप नको, टूथपेस्ट तर नकोच. पैंजण, तोडे, अंगठी सूज येण्याआधी काढा. फोड फोडू नका. चिकटलेलं कापड ओढू नका. भाजलेला भाग तळहातापेक्षा मोठा असेल, लहान मूल असेल किंवा मधुमेह असेल तर थेट दवाखाना.

बेंड पाइप, म्हणजे इंजिनातून निघणारा वाकडा पाइप, सगळ्यांत जास्त तापतो. त्यावरची पत्र्याची जाळी निघाली असेल तर ती नुसती दिसायला वाईट म्हणून नाही, पायासाठी बसवा. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांत धूर शुद्ध करणारा कन्व्हर्टर असतो. त्याला काम करायलाच काहीशे अंश तापावं लागतं. त्यामुळे ऊसतोडीच्या दिवसांत शेतात वाळल्या पाचटावर तापलेली गाडी उभी करू नका. पाचट पेटू शकतं आणि गाडीसकट फड जाऊ शकतो. बोळात गाडी लावताना सायलेन्सर भिंतीकडे करा, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याची पोटरी वाचते.

गाडी नेहमीपेक्षा जास्त तापतेय असं पायाला जाणवलं तर लगेच दाखवा. ऑइल कमी झालेलं असतं, इंजिनच्या पात्यांत चिखल वाळून बसलेला असतो, किंवा बेंड पाइपाचं पॅकिंग गेलेलं असतं. पॅकिंग गेलं की अ‍ॅक्सिलरेटर सोडताना फटफट आवाज येतो आणि जोडाजवळ काजळी दिसते.

रेनकोटची पँट सायलेन्सरला चिकटून वितळली तर चाकूनं खरवडू नका, क्रोम जातं. गाडी घेऊन या, आम्ही काढून देतो, त्याचे पैसे घेत नाही. पँटचा पाय खाली रबरबँडनं आवळलात तर ही वेळच येणार नाही.

मागे साडी किंवा ओढणीत बसणाऱ्यांसाठी साडीगार्ड काढू नका. मागच्या सीटला धरायला हँडल, पाय ठेवायला फुटरेस्ट आणि चाकाचा निम्मा भाग झाकणारी जाळी केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२३ व्या नियमानं बंधनकारक आहे. गाडी सुटसुटीत दिसावी म्हणून ती काढून द्या असं म्हणणाऱ्यांना आम्ही नाही म्हणतो, आणि पुढेही म्हणू.

हेल्मेटच्या काचेवर वाफ धरत असेल तर आतून भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब चोळून मऊ कापडानं कोरडं पुसा, आठवडाभर निभतं. काळी काच घाटात, धुक्यात आणि रात्री वापरू नका.

पावसाळ्याआधीच्या सर्व्हिसिंगमध्ये दोन्ही लिव्हरचा कोन आणि ढिलाई तुमच्या हाताप्रमाणे लावून देतो, वेगळा आकार नाही. त्यासाठी स्वतः या, पोराबरोबर गाडी पाठवू नका. आणि येताना पावसात घालायचे हातमोजे घेऊन या. लिव्हर ते मोजे घालूनच लावून बघायचे असतात.