ओरासिओ फेरेर : प्लाता नदीच्या दोन्ही काठांचा टँगो-इतिहासकार

२००० साली सिडनी ऑलिम्पिकच्या उद्घाटनाला अर्जेंटिनाचा चमू ‘ला कुम्पार्सिता’ या टँगोच्या सुरांवर मैदानात उतरला आणि तिकडे उरुग्वेचा पारा चढला. रीतसर निषेध नोंदवला गेला. धून उरुग्वेच्या राजधानीतली, मॉन्टेव्हिडिओची, आर्किटेक्चर शिकणाऱ्या खेरार्दो मातोस रोद्रिगेस या पोराने रचलेली, आणि दोनच वर्षांपूर्वी उरुग्वेने कायदा करून तिला आपलं सांस्कृतिक गीत ठरवलेलं. टँगो नेमका कुणाचा, हा प्लाता नदीच्या दोन काठांवरचा, इकडे मॉन्टेव्हिडिओ आणि पलीकडे अर्जेंटिनाची राजधानी ब्युनोस आयर्स यांच्यातला, जुना तंटा. २००९ मध्ये युनेस्कोच्या वारसायादीत टँगोचं नाव लागलं तेही दोन्ही देशांच्या जोडअर्जावर.

या तंट्यात ओरासिओ फेरेरला कुठल्या बाजूला बसवायचं, हा पेच आहे. जन्म २ जून १९३३, मॉन्टेव्हिडिओ. वडील उरुग्वेचे, इतिहासाचे प्राध्यापक, आई अर्जेंटिनाची. म्हणजे नदी घरातूनच वाहत होती म्हणायची. तेव्हा रात्री बोटीत बसलं की सकाळी पलीकडच्या धक्क्यावर उतरता येई. कोवळ्या वयातच त्याला ब्युनोस आयर्सच्या रात्रींची आणि आनिबाल त्रोइलोच्या वाद्यवृंदाची चटक लागली. तोही आर्किटेक्चर शिकायला गेला, पण जीव रमला वर्तमानपत्रात, रेडिओवर आणि बँडोनिऑनच्या, म्हणजे टँगोतल्या हातपेटीसारख्या वाद्याच्या, भात्यात.

इथे थोडं मागे जायला हवं. टँगोचा इतिहास पहिल्यांदा लिहिला तो पत्रकारांनी. विद्यापीठांच्या लेखी ही वेश्यावस्तीतली, बंदरावरची चीज. तिच्यावर कोण प्रबंध लिहिणार? १९१४ च्या जनगणनेत ब्युनोस आयर्सची जवळपास निम्मी माणसं परदेशात जन्मलेली निघाली. त्यांच्या भाषांच्या खिचडीतून लुन्फार्दो ही गल्लीबोळाची बोली शिजली, आणि टँगोच्या बऱ्याच गाण्यांत तिचे शब्द उतरले. सुरुवातीचे वादक कानावर वाजवायचे, कागद मागे राहायचाच नाही. राहायच्या त्या आठवणी, आणि आठवणी गोळा करणं हा बातमीदाराचा धंदा. सप्टेंबर १९१३ मध्ये, निघून आठवडाच झालेल्या ‘क्रितिका’ या दैनिकात ‘जुना टँगोवाला’ अशा टोपणनावाने कुणीतरी टँगोची कुळकथा छापली. १९३६ मध्ये बातेस बंधूंनी कलावंतांच्या मुलाखतींच्या जोरावर पुस्तक काढलं.

फेरेर या परंपरेतला, पण एका बाबतीत वेगळा. त्याच्या आधीच्यांना हळहळ होती ती सरलेल्या काळाची, टँगोच्या सुरुवातीच्या पिढीची, जिला ‘जुना पहारा’ म्हणतात. यानं १९५४ मध्ये मॉन्टेव्हिडिओत मंडळ काढलं, त्याचं नावच ‘नव्या पहाऱ्याचा क्लब’. ‘तांगेआंदो’ नावाचं मासिक चालवलं, त्यातली चित्रंही स्वतःच काढली. रेडिओवरून आणि ‘एल दिया’ या दैनिकातून तो एकच बाजू लावून धरत होता: टँगो म्हातारा झालेला नाही, अस्तोर पियाझोला हा नव्या वाटेचा संगीतकार करतोय तोही टँगोच. त्या काळात हे म्हणणं सोपं नव्हतं. १९५५ मध्ये पियाझोलाने वाद्यवृंदात इलेक्ट्रिक गिटार आणली तेव्हा कर्मठांनी त्याला खुनी ठरवायचंच बाकी ठेवलं होतं. फेरेरचं ‘टँगो : इतिहास आणि उत्क्रांती’ हे पहिलं पुस्तक १९६० च्या सुमारास ब्युनोस आयर्सला निघालं. त्याचं नाव त्या १९१३ च्या लेखाच्या शीर्षकासारखंच आहे. मला तरी तो निव्वळ योगायोग वाटत नाही.

१९६७ मध्ये त्याचा कवितासंग्रह आला आणि तो वाचून पियाझोलाने त्याला बरोबर काम करायला बोलावलं. तिशी ओलांडलेला हा पत्रकार गाशा गुंडाळून नदीपार आला. ८ मे १९६८ रोजी दोघांची ‘मारिया दे ब्युनोस आयर्स’ ही संगीतिका रंगमंचावर आली. निवेदक पिशाच्चाची भूमिका खुद्द फेरेरने केली. पुढच्या वर्षी नोव्हेंबरमध्ये लुना पार्कात गीतस्पर्धा भरली. एरवी मुष्टियुद्धाची जागा ती, आणि त्या रात्रीही प्रेक्षक तशाच मूडमध्ये होते. आमेलिता बाल्तार या दोघांचं ‘बालादा पारा उन लोको’ गायला उभी राहिली. गाणं एका वेड्याचं: डोक्यावर अर्धं खरबूज, अंगावर शर्टाच्या पट्ट्या चक्क रंगवलेल्या, तळपायांना ठोकलेले बुटाचे तळवे, आणि दोन्ही हातांत ‘टॅक्सी रिकामी आहे’ सांगणारी चिमुकली निशाणं. अर्धं बोललेलं, अर्धं गायलेलं, त्यातही वॉल्ट्झचा ठेका. लोकांनी शिट्ट्या मारल्या, नाणी फेकली. परीक्षकांनी दुसरं बक्षीस दिलं. रेकॉर्ड बाजारात आली आणि काही दिवसांत शहर तेच गाणं गुणगुणायला लागलं. पहिलं बक्षीस कुणाला मिळालं, हे आज टँगोवाल्यांनाही आठवून सांगावं लागतं.

इथून पुढे फेरेरचा इतिहास वाचताना जरा जपून वाचावा लागतो. जुन्या-नव्या टँगोच्या ज्या भांडणाचा तो बखरकार, त्यातच तो एक पक्षकार झाला होता. १९७० मध्ये ‘टँगोचा ग्रंथ’ आला, १९८० मध्ये तो वाढून तीन जाडजूड खंडांचा झाला. वादक, गायक, वस्त्या, कॅफे, शब्द, सगळ्यांच्या नोंदी. त्यात तो तटस्थ नाही, आणि तटस्थतेचा आवही आणत नाही. कोण थोर हे बेधडक सांगतो. तरीही पन्नास वर्षांपूर्वी कुठल्या कोपऱ्यावरच्या कॅफेत कोण वाजवत होतं हे पाहायचं झालं की आजही हात याच खंडांकडे जातो. माझ्या मते त्याची कविता कधीकधी अलंकारांनी गुदमरते, या नोंदी मात्र नाही. बातमीदाराचा हात तिथे दिसतो.

१९९० मध्ये अर्जेंटिना सरकारने राष्ट्रीय टँगो अकादमी स्थापली आणि तिचं अध्यक्षपद या उरुग्वेयन माणसाकडे दिलं. ते त्याने अखेरपर्यंत सांभाळलं. आव्हेनिदा दे मायोवरच्या जुन्या तोर्तोनी कॅफेच्या वरच्या मजल्यावर अकादमीने टँगोचं संग्रहालयही उभारलं. कॉलरला बो, कोटाला फूल, अशा थाटात वावरणारा फेरेर १९७६ पासून आल्वेआर पॅलेस या हॉटेलातच राहत होता. वेश्यावस्तीतून आलेल्या कलेचा इतिहासकार शहरातल्या सगळ्यात झगमगीत हॉटेलात!

१९६८ मध्ये, शहरात नवा नवा असतानाच, त्याने आपल्याच मरणाचं एक गाणं लिहिलं होतं. मी ब्युनोस आयर्समध्ये मरेन, पहाटे, असं त्यात म्हटलंय. २१ डिसेंबर २०१४ रोजी, ८१ व्या वर्षी, तो गेला. शहर तेच होतं.