वेबसाइटवर गिऱ्हाईक किती आलं? मोजणीच्या नव्या पद्धतीविषयी

आजवर आम्ही बहुतेक गिऱ्हाइकांच्या साइटवर येणाऱ्यांची मोजणी करायला गूगल अ‍ॅनालिटिक्स लावत आलो. फुकट होतं, सगळेच लावायचे. पण सोलापूरच्या अक्कलकोट रोडवरच्या एका टॉवेल कारखानदारांनी मध्यंतरी विचारलं, "एवढ्या तक्त्यांतलं मी बघतो काय?" बघत होते तीनच गोष्टी: किती जण आले, कुठून आले, कोणतं पान उघडलं. तेवढ्यासाठी प्रत्येकाच्या ब्राउझरमध्ये कुकी (ओळख पटवणारी छोटी नोंद) ठेवून त्याचा माग काढत बसायचं कारण नाही.

म्हणून आता आम्ही त्याजागी प्लॉझिबल हे मोजणीचं साधन लावतो. ते ओपन सोर्स (कोड सगळ्यांना खुला) आहे, आमच्याच सर्व्हरवर चालतं आणि कुकी ठेवत नाही. मग माणूस मोजतं कसं? येणाऱ्याचा आयपी पत्ता (त्याच्या इंटरनेट जोडणीचा क्रमांक), ब्राउझरचा प्रकार आणि तुमच्या साइटचं नाव यांत त्या दिवसापुरता एक गुप्त आकडा मिसळून खूण बनते. आयपी पत्ता साठवत नाही. गुप्त आकडाही रोज बदलतो, जुना पुसला जातो. त्यामुळे कालचंच गिऱ्हाईक आज आलं तरी ओळखू येत नाही.

यातली खोटही आधीच सांगतो. रोज चादरींचे भाव बघणारा पुण्याचा एकच व्यापारी महिन्याच्या बेरजेत तीसदा धरला जाऊ शकतो. उलट मोबाइल डेटावर कितीतरी लोक एकाच आयपी पत्त्याआड असतात. त्यात फोन आणि ब्राउझरही सारखेच निघाले, तर दोघांचा एकच होतो. तेव्हा नेमक्या आकड्यावरून वाद घालू नका, चढउतार बघा. गड्डा यात्रेच्या आठवड्यात वाढलं का, लग्नसराईत कोणतं पान चाललं, हे नीट कळतं.

युरोपला माल पाठवणाऱ्यांसाठी: तिकडे माग काढणाऱ्या कुकीला आधी परवानगी लागते, आणि नको म्हणणारा मोजणीतून सुटतो. कुकीच नसली की ही कटकट बरीच कमी होते. तरी तिकडच्या वकिलाला एकदा विचाराच. आपल्याकडेही २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला. चौकशीच्या फॉर्ममध्ये येणारी नावं-नंबर जपायची जबाबदारी वेगळीच, ती या बदलानं सुटत नाही.

जुने आकडे हवे असतील तर बदलाआधी सांगा, काढून देतो.

आणि व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायला आम्ही 'व्हॉट्सअॅपवरून आले' असं सांगणारी खूण जोडलेली लिंक देतो, तीच टाका. साधी टाकली की तिथून आलेले लोक 'थेट' या रकान्यात जातात, आणि मग "ग्रुपवर कुणी बघतच नाही का हो?" म्हणून आम्हाला फोन येतो.