अतामीतली रात्र: साडेपाचला पोहोचा, मग बघा

जपान सहलीच्या चौकशीत एक प्रश्न ठरलेला असतो, "अतामीला रात्री काय आहे?" समुद्रकाठ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे बागा बीच येतो. अतामी तसं नाही. स्टेशनसमोरच्या बाजारातली दुकानं संध्याकाळीच आवरतात आणि किनाऱ्यावर डीजे नसतो. तरीही सहलीहून परतलेली मंडळी या रात्रीबद्दलच जास्त बोलतात. त्यासाठी एकच गोष्ट पाळावी लागते, संध्याकाळी ५.३० पर्यंत मुक्कामी पोहोचणं.

इथेच दरवेळी घोळ होतो. अतामीला आपला मुक्काम ऱ्योकानमध्ये, म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यांवरच्या पारंपरिक निवासात असतो. रात्रीचं जेवण भाड्यातच धरलेलं असतं. सहा-साडेसहाची वेळ आम्ही आधी कळवलेली असते आणि त्या वेळेला, तेवढ्याच माणसांसाठी, एकेक पदार्थ क्रमाने वाढला जातो. बऱ्याच ठिकाणी आपण जेवत असताना खोलीत गाद्या घालून ठेवतात. आठला येऊन "आमचं ताट झाकून ठेवायचं ना" म्हणण्याची सोय तिथे नाही. स्वयंपाकघर बंद झालेलं असतं आणि जेवणाचे पैसे परत मिळत नाहीत. मग आमचा माणूस फोनवर माफी मागत बसतो, तुम्ही चोवीस तास उघड्या दुकानातला गार भात खाता आणि रात्र तिथेच संपते.

उशीर बहुतेकदा टोकियोतल्या शेवटच्या खरेदीमुळे होतो. त्यात घाईघाईने समोर दिसेल ती शिंकानसेन, म्हणजे बुलेट ट्रेन, पकडली जाते. त्यातली नोझोमी नावाची गाडी अतामीला थांबत नाही! शिन-योकोहामा सुटलं की ती थेट नागोयालाच थांबते. आपली गाडी कोदामा. ती टोकियोहून साधारण ५० मिनिटांत पोहोचवते. फलाटावरच्या पाटीवर गाडीचं नाव वाचल्याशिवाय चढू नका.

"सुट्टीवर आलोय, शाळेत नाही," असं काहींनी ऐकवलंय. कबूल. पण वेळ ऱ्योकानची आहे, आम्ही फक्त ती आधी सांगतो. शिवाय साडेसातला जेवण आटोपलं की पुढची सगळी रात्र तुमचीच.

ऱ्योकानचा युकाता, म्हणजे सुती किमोनो, घालून बाहेर फिरायला इथे कुणाची हरकत नसते. फक्त डावी बाजू वर येऊ द्या, उजवी वर घेतात ती मृतांना नेसवताना. उतारावरून खाली गेलात की सन बीच लागतो. रात्री त्यावर निळसर प्रकाश सोडलेला असतो. आतषबाजीची रात्र असेल तर ८.२० च्या आधी तिथे जागा धरा. १९४९ चं वादळ आणि १९५० ची मोठी आग यांतून सावरलेल्या गावाने १९५२ मध्ये ही आतषबाजी सुरू केली. आता ती उन्हाळ्यातच नव्हे, वर्षातून अनेकदा होते. जेमतेम २०-२५ मिनिटं चालते, पण खाडीच्या तिन्ही बाजूंना डोंगर असल्याने आवाज छातीत घुमतो.

नंतर इझाकायात, म्हणजे खाणं-पिणं मिळणाऱ्या जपानी गुत्त्यात, बसा. न मागता आलेली छोटी वाटी परत पाठवू नका. तो बसण्याचा आकार असतो, साधारण ३०० ते ५०० येन. भाजलेला सुका बांगडा आपल्या कोकणातल्या माणसांना सहज रुचतो. टिप ठेवू नका, मालक मागे धावत येऊन परत देतो. 'स्नॅक' अशी पाटी दिसली तर ते खाण्याचं दुकान नसून चार-सहा खुर्च्यांचा बार असतो. तिथे मालकीणबाई गप्पा मारतात, कॅराओके चालतो आणि दर बहुधा बाहेर लिहिलेला नसतो. ऱ्योकानच्या काउंटरवरून आधी फोन करून घ्या. दारूसाठी वय २० पूर्ण लागतं.

झऱ्याच्या पाण्यात उतरायचं ते दारू पिण्याआधी, प्यायल्यावर नाही, आणि आधी बाहेर नीट आंघोळ करून. काही ऱ्योकानांत रात्रीतून पुरुषांचं आणि बायकांचं स्नानगृह अदलाबदल होतं. सकाळी दारावरचा पडदा पुन्हा बघून आत शिरा.

आतषबाजीच्या तारखा लागल्या की त्या धरून आम्ही छोटे गट काढतो. खोल्या लवकर भरतात. शाकाहारी आणि जैन मंडळींनी बुकिंगच्या वेळीच सांगावं, कारण तिथल्या साध्या सूपच्या पाण्यातही मासा असतो आणि आयत्या वेळी तो काढता येत नाही.