वाइन राज्याबाहेर पाठवायला एवढी लायसन्सं का लागतात? अमेरिकेतल्या जुन्या भांडणाची पार्श्वभूमी

अमेरिकेत राहणाऱ्या ज्यांनी कधी कॅलिफोर्नियातल्या वायनरीकडून ऑनलाइन वाइन मागवायचा प्रयत्न केलाय त्यांना हे माहितीच असेल, पत्ता टाकला की पहिलं राज्य बघतात. युटाह असेल तर विषय संपला, मिशिगन असेल तर येईल, पण तीच बाटली वायनरीऐवजी दुसऱ्या राज्यातल्या एखाद्या दुकानाकडून मागवली तर मिशिगनलाही नाही येणार. एकाच देशात असं का, हे समजायला पार 1890 पर्यंत मागे जावं लागतं. आणि मला विचाराल तर यातलं राज्यांच्या अधिकाराचं म्हणणं समजण्यासारखं आहे, पण दुकानांवरची बंदी ही निव्वळ होलसेलरचा धंदा सांभाळण्यासाठी आहे, आणि ती चुकीची आहे.

तर 1890. आयोवात दारूबंदी होती, शेजारच्या इलिनॉयमध्ये नव्हती. तिथल्या पिओरियाच्या बिअरवाल्यांनी सीलबंद पिंपं आणि खोकी आयोवातल्या किओककला पाठवली आणि तिथेच विकायला काढली, गावच्या मार्शलने, म्हणजे पोलीस अधिकाऱ्याने, माल जप्त केला, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. कोर्ट म्हणालं माल मूळ पॅकिंगमध्ये आहे तोवर तो आंतरराज्य व्यापार, राज्याने हात लावायचा नाही. म्हणजे दारूबंदी फक्त स्वतःच्या लोकांवर, बाहेरच्यांना मोकळं रान! त्याच वर्षी ऑगस्टमध्ये काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, विल्सन कायदा आणला, की माल राज्यात 'आला' की राज्याचा कायदा लागू. मग 1898 मध्ये कोर्टाने 'आला' म्हणजे ज्याने मागवला त्याच्यापर्यंत पोचला असा अर्थ काढला, त्यामुळे बंदी असलेल्या राज्यांतही रेल्वेने मागवलेली दारू घरपोच येत राहिली. ती वाट 1913 च्या वेब-केनयन कायद्याने बुजवली, राष्ट्राध्यक्ष टाफ्टने व्हेटो केला तरी काँग्रेसने तो डावलून कायदा केलाच.

जाता जाता, हा मूळ पॅकिंगचा मुद्दा आपल्याकडेही येऊन गेलाय. 1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्यावरचा बलसारा खटला 1951 मध्ये आपल्या सुप्रीम कोर्टापुढे होता, त्यात आयात दारूवर राज्याला अधिकार कितपत हा वाद होता, आणि कोर्टाने हा अमेरिकन सिद्धांत इथे चालणार नाही असं स्पष्ट केलं. आपल्या घटनेत दारू सरळ राज्यसूचीत आहे, त्यांच्याकडे अशी यादीच नाही म्हणून सगळं कोर्टात जाऊन ठरतं.

पुढे 1920 ते 1933 देशभर दारूबंदी. ती उठवणारी एकविसावी घटनादुरुस्ती 5 डिसेंबर 1933 ला पक्की झाली, आणि तिच्या दुसऱ्या कलमात एक वाक्य आहे, कुठल्याही राज्याचा कायदा मोडून त्या राज्यात दारू आणायला मनाई. आजची सगळी लायसन्सं या एका वाक्यावर उभी आहेत. त्याच सुमाराला बहुतेक राज्यांनी तीन पायऱ्यांची पद्धत आणली, बनवणारा होलसेलरला विकणार, होलसेलर दुकानाला, दुकान गिऱ्हाइकाला. त्यालाही कारण होतं, दारूबंदीच्या आधी ब्रुअरीवाले स्वतःच बार चालवायचे किंवा बारवाल्याला पैशात अडकवून ठेवायचे आणि जास्तीत जास्त खपवायला लावायचे.

1936 मध्ये कॅलिफोर्नियाने बाहेरची बिअर आणायला 500 डॉलरची लायसन्स फी लावली, कोर्टाने तीही चालवून घेतली. तेव्हापासून जवळपास पन्नास वर्षं राज्यांचाच शब्द शेवटचा. मोठा धक्का 1984 मध्ये बसला, हवाई राज्याने ओकोलेहाओ ही स्थानिक दारू आणि अननसाची वाइन यांना 20 टक्के टॅक्समधून सूट दिली होती, कोर्ट म्हणालं आपल्याच लोकांचा धंदा जपण्यासाठी घटनादुरुस्ती वापरता येणार नाही.

दरम्यान छोट्या वायनऱ्या वाढत गेल्या आणि खरी अडचण तिथे झाली. वर्षाला थोडीशीच वाइन काढणाऱ्याकडे होलसेलर बघतही नाही, आणि होलसेलर नाही तर दुसऱ्या राज्यात विक्री नाही. व्हर्जिनियाच्या जुआनिटा स्वीडनबर्ग यांची वायनरी होती, बाहेरगावचे लोक फिरायला यायचे, वाइन आवडायची, घरी गेल्यावर आणखी मागायचे, आणि कायद्याने पाठवता यायची नाही. त्या न्यूयॉर्कविरुद्ध कोर्टात गेल्या. न्यूयॉर्क आपल्या वायनऱ्यांना घरपोच पाठवू द्यायचं, बाहेरच्यांना म्हणायचं आधी इथे ऑफिस आणि गोदाम काढा. मिशिगनविरुद्धही असाच खटला चालू होता, तिथे स्थानिक छोट्या वायनरीला 25 डॉलरच्या लायसन्सवर थेट गिऱ्हाइकाला पाठवता यायचं, बाहेरच्याने 300 डॉलर भरले तरी फक्त होलसेलरलाच विकायचं! दोन्ही प्रकरणं एकत्र झाली आणि 16 मे 2005 ला ग्रॅनहोम विरुद्ध हील्ड या निकालात 5 विरुद्ध 4 मतांनी ठरलं की घरपोच वाइन द्यायची तर सगळ्यांना सारख्याच अटींवर, नाहीतर कुणालाच नाही.

राज्यांनी दोन भीती सांगितल्या होत्या, पोरं ऑनलाइन दारू मागवतील आणि टॅक्स बुडेल. कोर्टाने म्हटलं हा धोका स्थानिक वायनरीकडूनही तेवढाच आहे, आणि त्यावर परमिट द्या, हिशोब मागा, डिलिव्हरीला मोठ्या माणसाची सही घ्या असे उपाय आहेत की. आजच्या लायसन्सच्या अटी बघा, हेच आहे सगळं. खोक्यावर 21 वर्षांच्या किंवा मोठ्या व्यक्तीची सही लागेल हा ठसा, विक्रीचा नियमित रिपोर्ट, एक्साइज आणि सेल्स टॅक्स त्या राज्यात भरायचा, माणशी किंवा वायनरीमागे पेट्यांची मर्यादा. कुरियर कंपन्या लायसन्सवाल्यांचंच पार्सल घेतात, आणि सरकारी पोस्टाने तर दारू पाठवताच येत नाही. छोट्या वायनरीला प्रत्येक राज्याचं वेगळं लायसन्स, वेगळी फी, वेगळ्या तारखा सांभाळाव्या लागतात, हे काम सोपं नाहीये.

सगळी राज्यं प्रामाणिकपणे वागली असंही नाही. मॅसॅच्युसेट्सने वर्षाला 30,000 गॅलन उत्पादनाची रेषा आखली, तिच्यावरच्या वायनरीला होलसेलर किंवा थेट विक्री यातलं एकच निवडायचं. राज्यातल्या सगळ्या वायनऱ्या त्या रेषेच्या खाली होत्या! 2010 मध्ये अपील कोर्टाने तो नियम रद्द केला, आणि थेट वाइन तिथे 2015 पासून मिळायला लागली.

राहिली दुकानं. ग्रॅनहोम निकाल वायनऱ्यांबद्दल होता, आणि राज्यांनी नेमकं तेच धरून ठेवलं. 2019 मध्ये टेनेसीच्या खटल्यात दारूच्या दुकानाचं लायसन्स हवं तर आधी दोन वर्षं राज्यात राहा ही अट सुप्रीम कोर्टाने 7 विरुद्ध 2 ने उडवली, आणि समान वागणुकीचं तत्त्व दुकानांनाही लागू आहे असं सांगितलं. आता दुकानांचा मार्ग मोकळा असं वाटलं होतं. पण ज्या मिशिगनने 2005 मध्ये हार खाल्ली त्याच मिशिगनने पुढे आपल्या दुकानांना घरपोच वाइनची परवानगी दिली आणि बाहेरच्या दुकानांना नाही, इंडियानातला एक दुकानदार कोर्टात गेला, खालच्या कोर्टात जिंकला, 2020 मध्ये अपिलात हरला. कोर्टाचं कारण असं की बाहेरच्या दुकानाचा माल मिशिगनच्या होलसेलरच्या हातून जात नाही, म्हणून तीन पायऱ्यांची पद्धत मोडते. पण बाहेरच्या वायनरीचा मालही होलसेलरच्या हातून जात नाही, तिला मात्र लायसन्स मिळतं. वयाची सही, टॅक्स, रिपोर्ट हे सगळं वायनरी करू शकते तर दुकानही करू शकतं, यात मला तरी काही फरक दिसत नाही. 2021 च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टाने ही केस ऐकायला नकार दिला, त्यामुळे अपिलाचा निकाल कायम राहिला.