काकडीचा शेजार

"कारल्याजवळ काकडी लावू नकोस, कडू होते," असं आईने बजावलं होतं. गच्चीवर जागाच नव्हती, म्हणून दोन्ही वेल एकाच मांडवावर चढवले. काकडी कडू झाली नाही. होणारही नव्हती, कारण या दोघांचा संकर होत नाही. झाला असता तरी फरक बियांत पडला असता, आपण खातो तो गर वेलाचाच. काकडी कडू होते ती कुकुर्बिटासिन नावाच्या द्रव्यामुळे. पाण्याचा ताण पडला, ऊन तापलं की ते फळात उतरतं, तेही देठाकडे जास्त.

शेजाराचा खरा उपयोग फुलांच्या वेळी. काकडीची नर आणि मादी फुलं वेगळी असतात. मादी फुलामागे पेराएवढी लवदार काकडी आधीच दिसते. फूल उमलतं जेमतेम एक दिवस आणि पराग चिकट, वाऱ्याने उडत नाही. मधमाशीच्या फेऱ्या कमी पडल्या की काकडी वाकडी, एका टोकाला सुकलेली. म्हणून जवळ तुळस असू द्या, चार रोपं शेपूची आणि कोथिंबिरीची न खुडता फुलू द्या. त्या छत्रीसारख्या फुलोऱ्यावर हवेत स्थिर तरंगणारी सिरफिड माशी येते. तिच्या अळ्या मावा, म्हणजे पानांतला रस शोषणारी बारीक कीड, फस्त करतात.

झेंडूचं मात्र जरा जास्तच कौतुक होतं. त्याच्या मुळांतलं रसायन सूत्रकृमींना, म्हणजे मुळांना लागणाऱ्या मातीतल्या सूक्ष्म जंतांना, मारक आहे हे खरं, पण ते मुळांच्या आसपासच. कोपऱ्यातल्या एका रोपाने काय होणार? आदल्या हंगामात त्याच वाफ्यात दाट झेंडू घ्यावा. चवळीचंही तसंच. मुळांवरच्या गाठींतलं नत्र ती बहुतेक स्वतःच वापरते. पीक संपल्यावर वेल जमिनीलगत कापून वाफ्यातच पसरला आणि मुळंही तशीच कुजू दिली, तर त्यातलं काही पुढच्या पिकाला मिळतं.

आणि मका? वेलाला आधार म्हणून छान, पण काकडीला डंख मारून आत अंडी घालणारी फळमाशी विसाव्याला उंच, दाट पानांत जाऊन बसते. हवाईत शेताच्या कडेला मका लावून विषारी आमिष त्याच्यावरच फवारतात, ते याचसाठी. आमिष ठेवणार नसाल तर मांडवाशेजारी मका म्हणजे माशीला फुकटची धर्मशाळा. मी तो काढून टाकला. डंख लागलेली काकडी आता खतात टाकत नाही, कारण अळ्या मातीत उतरून कोष करतात. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून चार दिवस उन्हात ठेवते.