बीचचा सालरोग की पर्णरोग?

उत्तर अमेरिकेच्या पूर्वेकडच्या जंगलांत बीच नावाच्या झाडावर रोग पडलाय, असं कुणी म्हणालं की आधी विचारायचं, कुठला? तिथे बीचचे दोन मोठे रोग आहेत, एक सालीचा आणि एक पानांचा. मरणारं झाड दोन्हीकडे तेच, अमेरिकन बीच. त्यामुळे बोलण्यात दोन्हींची सरमिसळ होते आणि मग रानातले निर्णयही चुकतात. जे झाड जिवापाड जपायला हवं, तेच ‘नाहीतरी सगळे मरणारच’ म्हणून करवतीखाली जातं.

निरोगी बीच सालीवरूनच ओळखू येतो. ओकची साल वयाबरोबर भेगाळते, बीचची मात्र झाड शंभर-दोनशे वर्षांचं झालं तरी राखाडी, पातळ आणि गुळगुळीत राहते. काळी अस्वलं फळांसाठी वर चढतात तेव्हा उमटलेले नख्यांचे ओरखडे त्या सालीवर कित्येक वर्षं दिसत राहतात. सालरोग घाला घालतो तो नेमका या सालीवर.

हा रोग दोघांनी मिळून केलेला आहे. आधी कीड येते, मागून बुरशी. कीड म्हणजे युरोपातून आलेली एक खवले कीड. १८९०च्या सुमारास ती कॅनडातल्या नोव्हा स्कॉशियात, हॅलिफॅक्सला, शोभेसाठी आणलेल्या युरोपीय बीचबरोबर आली. जेमतेम एक मिलिमीटरची, पिवळसर, बिनपंखी. तिच्यात नर नसतातच. सगळ्या माद्या, आणि त्या नराविना अंडी घालतात. नुकती बाहेर पडलेली पिल्लं वाऱ्यावर, पक्ष्यांच्या अंगावर किंवा जळणाच्या लाकडावर बसून पुढच्या झाडावर पोचतात. अंगावर पांढरं, मेणकट, लोकरीसारखं आवरण असतं. आधी सालीच्या खोबणीत चार-दोन पांढरे ठिपके दिसतात आणि काही वर्षांनी अख्खं खोड चुना फासल्यासारखं होतं.

कीड रस शोषते, पण मोठं झाड तेवढ्यानं मरत नाही. सालीतल्या पेशी मरतात, साल बारीक तडकते आणि त्या फटींतून निओनेक्ट्रिया ही बुरशी आत शिरते. ती सालीखालचा जिवंत थर ठिकठिकाणी मारत जाते. शरदात खोडाला नाक लावून पाहिलं तर मेलेल्या सालीवर टाचणीच्या डोक्याहूनही लहान, लालभडक दाण्यांचे पुंजके दिसतात. ती बुरशीची फळं. मेलेले चट्टे खोडाभोवती एकमेकांना भिडले की झाड संपतं. काही झाडं तर त्याआधीच, हिरवी पानं अंगावर असतानाच, वाऱ्यात मधून मोडतात.

पर्णरोग अगदी अलीकडचा. २०१२ मध्ये ओहायो राज्यातल्या लेक काउंटीत तो पहिल्यांदा लक्षात आला. काही वर्षं कारण कळत नव्हतं, मग पानांत सूत्रकृमी, म्हणजे दोऱ्यासारखे बारीक कृमी, सापडले. सूत्रकृमी म्हटलं की आपल्याला मुळांवरच्या गाठी आठवतात, पण हे पानांत आणि कळ्यांत राहतात. त्यांचं शास्त्रीय नाव लिटायलेन्कस क्रेनाटे. ही जात जपानमधल्या बीचवर आढळते आणि अमेरिकेतली तिची उपजात आहे.

हा रोग पाहायचा तर झाडाखाली उभं राहून मान वर करायची. उजेड पानातून आरपार येऊ द्यायचा. दोन शिरांमधला एक पट्टा गडद हिरवा दिसतो, शेजारचा नेहमीसारखा फिका. शीर आली की गडदपणा रेघ मारल्यासारखा थांबतो. पानाला हात लावला तर तो पट्टा जाडसर, चामड्यासारखा लागतो. रोग वाढला की पानं आकसतात, सुरकुततात आणि छत विरळ होतं. मला यातली सगळ्यात वाईट गोष्ट वाटते ती कळीची. बीचची कळी लांब, टोकदार, तपकिरी खवल्यांत घट्ट गुंडाळलेली असते आणि पुढच्या वर्षीचं पान तिच्यात आधीच तयार असतं. उन्हाळा सरता सरता पावसाच्या ओलाव्यातून सूत्रकृमी पानांवरून कळ्यांत जातात आणि हिवाळा तिथेच काढतात. वसंतात पान उलगडतं ते रोगाचे पट्टे घेऊनच. काही कळ्या तर उघडतच नाहीत.

एक धोक्याची सूचना: पांढरी लोकर दिसली की सालरोगच, असं नाही. बीचवर मावाही पडतो. तो डहाळ्यांवर दाटीनं बसतो आणि फांदी हलवली की सगळे मिळून पार्श्वभाग हलवतात. झाडाला त्याचा फारसा धोका नसतो. खवले कीड खोडाला चिकटून असते, ती हलत नाही. तसंच पानावर वेडेवाकडे तपकिरी डाग असतील तर तो दुसऱ्या एखाद्या बुरशीचा प्रताप असू शकतो.

दोन्ही रोगांतला खरा फरक कोण आधी मरतं यात आहे. सालरोग मोठ्या झाडांना आधी धरतो. झाड मरू लागलं किंवा तोडलं की मुळांतून धुमारे फुटतात आणि काही वर्षांत कोवळ्या बीचची गच्च जाळी तयार होते. हे धुमारे म्हणजे त्याच झाडाचा अवतार, तोच दुबळेपणा घेऊन आलेला. मोठे झाले की पुन्हा रोगाला बळी. पर्णरोग उलट्या टोकाने येतो. तो कोवळ्या झाडांवर आधी उठतो आणि ती काही वर्षांत मरतात. एका रोगानं फळं देणारी मोठी झाडं नेली, दुसरा त्यांच्या जागी आलेली रोपं नेतोय. ज्या रानात ओक फारसे नाहीत, तिथे अस्वलांसाठी हिवाळ्यापूर्वीची मोठी बेगमी म्हणजे बीचची फळंच.

वेगातही जमीन-अस्मानाचा फरक आहे. खवले किडीला शंभराहून जास्त वर्षं मिळाली, तरी बीचचा सगळा मुलूख तिनं अजून व्यापलेला नाही. पर्णरोग मात्र २०२१ पर्यंत ओहायोहून थेट मेन राज्यापर्यंत पोचला.

म्हणून उपायही वेगळे. सालरोग आलेल्या रानात शंभरातली एक ते पाच झाडं किडीला दादच देत नाहीत. त्यांची साल शेजारची झाडं पांढरी झाली तरी स्वच्छ राहते. सरसकट तोड केली तर ही झाडंही जातात. अमेरिकेच्या वनसेवेचे शास्त्रज्ञ अशाच झाडांच्या डहाळ्या कलमं करायला घेतात, त्यांचा आपसात संकर करतात आणि रोपांच्या खोडावर किडीची अंडी स्पंजच्या तुकड्याखाली बांधून ठेवतात. वर्षभराने स्पंज काढून पाहायचं, कीड वसली की नाही.

पर्णरोगावर बागेतल्या एखाद्या झाडाला औषध देता येतं, पण अख्ख्या रानाला ते देणार कसं? तिथे मोठी झाडं टिकवणं आणि रोगट भागातली रोपं दुसरीकडे न नेणं एवढंच हाती आहे. आणि सालीचा कणखरपणा पानांना वाचवेलच, असं गृहीत धरता येत नाही. म्हणून स्वच्छ सालीचं झाड सापडलं की त्यावर खूण करायची आणि जूनमध्ये परत जाऊन त्याच झाडाखाली मान वर करून पानं तपासायची.