कॅम्पग्राउंडवरचा जनरेटर आणि ६० डेसिबलचा आकडा : पार्श्वभूमी

वीज-पाण्याची जोडणी नसलेल्या प्रिमिटिव्ह कॅम्पग्राउंडवर जनरेटर लावावा का, या वादात अमेरिकेत दोन्ही बाजू एकाच नियमावर बोट ठेवतात. राष्ट्रीय उद्यानांचा हा नियम १९८३ च्या फेररचनेतला. त्याआधी १९६४ च्या कायद्याने वाइल्डरनेस, म्हणजे माणसाचा हात न लागलेलं रान, म्हणून राखलेल्या भागांत इंजिनावर चालणारी उपकरणं बंद केली होती, पण गाडी जिथवर पोहोचते तिथला प्रश्न तसाच राहिला.

१९८३ च्या नियमाने यंत्राच्या आवाजाला ५० फुटांवर ६० डेसिबलची मर्यादा घातली. मात्र आवाज त्याहून कमी असला, तरी जागा, वेळ आणि इतरांना होणारा त्रास पाहता तो गैरवाजवी ठरत असेल, तर तोही चालणार नाही, असं त्याच कलमात लगेच पुढे म्हटलं आहे. लोकांच्या तोंडी राहिला तो फक्त आकडा, आणि माझ्या मते सगळा घोळ तिथेच झाला. मर्यादा म्हणून दिलेली संख्या परवाना म्हणून वापरली जाऊ लागली.

मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. म्हणजे ५० फुटांवर ६० असलेला आवाज २०० फुटांवरच्या तंबूत ४८ भरतो. आरव्हींनी (आत राहण्याची सोय असलेल्या मोठ्या गाड्यांनी) गजबजलेल्या मोठ्या कॅम्पग्राउंडवर तो खपून जाईल. वाळवंटातल्या शांत रात्री भोवतालचा आवाज ३० च्याही खाली असतो. तिथे हे ४८ डेसिबल झोपू देत नाहीत. त्यात उत्पादक आवाज बहुधा ७ मीटरवर मोजतात आणि जाहिरातीत कमी लोडवरचा, म्हणजे थोडीच वीज खेचली जात असतानाचा, आकडा ठळक छापतात, त्यामुळे जाहिरातीतल्या आणि नियमातल्या आकड्यांची थेट तुलनाच होत नाही.

१९९० च्या दशकाच्या अखेरीपासून इन्व्हर्टर जनरेटर पसरले. जुनं मशीन ६० हर्ट्झ राखण्यासाठी दिवा एक असो वा दहा, मिनिटाला ३६०० फेऱ्यांवरच धावायचं. नव्याचं इंजिन लोडप्रमाणे मंदावतं. गोंगाट कमी झाला, पण ‘माझा तर शांत आहे’ म्हणत तो तासन्‌तास चालू ठेवणारेही वाढले.

उद्यानांनी मग वेळा बांधून दिल्या. योसेमिटी आणि जोशुआ ट्रीमध्ये सकाळी ७ ते ९, दुपारी १२ ते २ आणि संध्याकाळी ५ ते ७. फलक किंवा देखरेख नसलेल्या प्रिमिटिव्ह जागी मात्र सगळी भिस्त शेजारधर्मावर. तिथली सर्वांत जुनी तक्रार धुराड्याच्या दिशेची आहे. कार्बन मोनॉक्साइडच्या भीतीने माणूस लांब वायर ओढून जनरेटर आपल्या ट्रेलरपासून २० फूट दूर नेतो, धुराडं पलीकडे वळवतो, आणि धूर व घरघर दोन्ही शेजारच्या तंबूच्या तोंडाशी जातात. स्वतःला सुरक्षित ठेवताना त्रास दुसऱ्याच्या दारात ढकलणं हे मला साफ चुकीचं वाटतं. शेजाऱ्याला विचारून जागा ठरवायला दोन मिनिटं लागतात.

अलीकडे लिथियम बॅटऱ्या आणि सोलर पॅनेल यांनी चित्र बदललं. लेड-ॲसिड बॅटरी शेवटच्या टप्प्यात तासन्‌तास रेंगाळत भरते. लिथियम जवळजवळ शेवटपर्यंत जोरात भरते, त्यामुळे सकाळचा ठरलेला वेळ अनेकांना पुरतो. रात्री श्वासासाठी लागणारं सीपॅप यंत्रही आता बॅटरीवर निभावतं. एअर कंडिशनर मात्र अजून बहुतेकांना जनरेटरशिवाय जमत नाही, त्यामुळे आता भांडणं होतात ती मुख्यतः उन्हाळ्यातल्या दुपारी.